यादी गावाची, अर्ज माझा

मतदार यादीच्या पानावर प्रत्येक मतदाराला एक चौकट मिळते. अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. एवढंच. पुण्या-मुंबईच्या माणसाला यातला घर क्रमांक हा सगळ्यांत निरुपयोगी रकाना वाटेल. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठलेल्या माणसाला तसं वाटत नाही. त्याचं घर पाण्याखाली गेलं, घराबरोबर क्रमांकही गेला. नव्या गावठाणात प्लॉटचा नंबर वेगळा, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरचा वेगळा. जिथे घरांना क्रमांकच पडलेले नाहीत तिथे यादीत चक्क शून्य छापलं जातं. 2025 च्या ऑगस्टमध्ये देशभर या शून्याची चर्चा झाली, तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्तांनी हेच कारण सांगितलं होतं. त्यात आणखी एक गंमत अशी की पत्ता बदलायचा निवडणूक आयोगाचा अर्जही नमुना 8 आणि ग्रामपंचायतीची घरांच्या कर आकारणीची नोंदवहीही नमुना 8. ‘नमुना आठ आणा’ म्हटलं की माणूस हमखास चुकीच्या खिडकीपुढे जाऊन उभा राहतो.

ही पुस्तिका मतदार नोंदणीतल्या माहितीबद्दल आहे. ती कोण घेतं, कुठे ठेवतं, कोणाला दाखवतं आणि कोणाला दाखवू नये, एवढाच तिचा विषय. ती लिहिली आहे घरोघर फिरणाऱ्या बीएलओंसाठी (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांसाठी), म्हणजे बहुतेक ठिकाणी अंगणवाडी सेविका नाहीतर जिल्हा परिषदेचे गुरुजी यांच्यासाठी, ग्रामपंचायत सदस्यांसाठी, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर टेबल टाकून चिठ्ठ्या फाडणाऱ्या पोरांसाठी. विषय देशभराचा असताना तो गोसीखुर्दवरून का मांडला, हे आधी सांगायला हवं.

पवनी तालुक्यातल्या गोसे खुर्द गावाजवळ वैनगंगेवर हे धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा. पुढे खर्च किती पटींनी वाढला, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा कसा मिळाला, कालव्यांच्या चौकशा कशा झाल्या, हे विदर्भातल्या वाचकाला पाठ आहे. धरणाची भिंत अकरा किलोमीटरहून लांब, दरवाजे 33. पाणी पसरलं ते भंडारा जिल्ह्यातल्या भंडारा व पवनी आणि नागपूर जिल्ह्यातल्या कुही व भिवापूर या तालुक्यांत. गावं एका दिवसात उठली नाहीत. काही आधी गेली, काहींनी पाणी उंबऱ्याशी येईपर्यंत घर सोडलं नाही. कोणी नव्या गावठाणात घर बांधलं पण जुन्या शिवारात शेती करत राहिला, कोणी प्लॉट घेऊन नागपूरला मजुरीला गेला. 2013 मध्ये सरकारने सुमारे 1199 कोटींचं विशेष पॅकेज दिलं. त्यानंतरही वाढीव कुटुंबं कोणती धरायची, अठरा वर्षांचा झालेला मुलगा वेगळं कुटुंब की नाही, यावर मोर्चे निघत राहिले.

या सगळ्या गोंधळात माणसाचा गावाशी संबंध दाखवणारे कागद मोजकेच. सातबारा ज्याच्या नावे आहे त्याचं ठीक. भूमिहीन मजूर, नदीवर जाळं टाकणारा ढिवर, नवऱ्याने टाकलेली बाई, यांच्याकडे सातबारा कुठला? त्यांच्याकडे रेशनकार्ड आणि मतदार यादीचा उतारा. महाराष्ट्रात हे नवीन नाही. मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांना वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला गेला: 1 जानेवारी 1995 च्या मतदार यादीत नाव आहे का? मतासाठी केलेली यादी अशी घर मिळण्या-न मिळण्याचा दाखला होऊन बसली. कायद्याने तिच्यावर हे काम टाकलेलं नव्हतं. पण ज्याच्यापाशी दुसरा कागद नाही तो हाताला लागेल त्या कागदाला धरतो.

म्हणूनच खाजगीपणाची चर्चा शहरात होते तशी इथे करता येत नाही. ‘माझं नाव, माझा पत्ता जगजाहीर का?’ असं शहरी मतदार विचारतो. धरणग्रस्त बाई विचारते, ‘माहं नाव त् हाये ना यादीत?’ तिला यादी झाकलेली नकोच आहे. ती भिंतीवर लागली पाहिजे, ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे, आणि चार लोकांनी म्हटलं पाहिजे की होय, ही आमच्याच गावची. प्रारूप यादीचं ग्रामसभेत वाचन करावं हे आयोगाच्याही कार्यक्रमात असतं. ते किती गावांत मनापासून होतं, ते वाचकांनी आपापल्या गावावरून ठरवावं.

यादी उघडी ठेवण्यामागे कायद्याचा विचारही तोच आहे. यादीतलं नाव खरं की खोटं हे तहसीलदाराला कचेरीत बसून कळत नाही, शेजाऱ्याला कळतं. मेलेला माणूस, लग्न होऊन गेलेली मुलगी, कधी न पाहिलेला पाहुणा हे गाव ओळखतं. म्हणून 1960 च्या मतदार नोंदणी नियमांनी प्रारूप यादी प्रसिद्ध करणं, हरकती मागवणं आणि मान्यताप्राप्त पक्षांना प्रती देणं बंधनकारक केलं. यादी गुप्त ठेवली तर तिच्यात कोणीही काहीही घुसवेल. एवढं मान्य करूनच पुढे जायचं आहे.

पहिल्या निवडणुकीची यादी तयार होताना काय झालं ते या संदर्भात आठवण्यासारखं आहे. त्या यादीत लाखो बायकांची नोंद अमक्याची आई, तमक्याची बायको अशी झाली होती. परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं, मुदत वाढवली, आणि शेवटी सुमारे 28 लाख नावं काढून टाकावी लागली. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्या 28 लाखांत वैनगंगेकाठच्या किती, हे आता सांगता यायचं नाही. पण नाव झाकून ठेवण्याची किंमत मताने मोजावी लागते, हे या देशात बायकांनी सगळ्यांत आधी अनुभवलं. त्या बायकांना लाजाळू, अडाणी म्हणणं सोपं आहे. दारात आलेल्या अनोळखी पुरुषाला आपली माहिती का द्यायची, हा त्यांचा प्रश्न मात्र आज तुमचा-माझा झाला आहे.

त्याच काळात राज्यघटनेने यादीतून एक गोष्ट मुद्दाम काढून टाकली. इंग्रजी अमलात धर्मावार वेगळे मतदारसंघ होते, त्यामुळे याद्याही वेगळ्या. कलम 325 ने प्रत्येक मतदारसंघाला एकच यादी दिली आणि धर्म, वंश, जात, लिंग यावरून कोणाला त्यातून वगळता येणार नाही असं सांगितलं. आपल्या यादीत जातीचा रकाना नाही. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर 1954 साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांच्या वेळच्या यादीतही जातीचा रकाना नव्हता.

आज तो रकाना परत आला आहे. सरकारी यादीत नाही, उमेदवाराच्या मोबाईलमध्ये. निवडणुकीच्या आठवड्यात पवनीच्या कुठल्याही पानटपरीवर जरा वेळ थांबलात तर पाहायला मिळेल. कार्यकर्त्याच्या हातातल्या ॲपमध्ये अख्खी यादी असते. आडनाव टाकलं की त्या आडनावाची सगळी घरं एका खाली एक येतात. कुटुंबप्रमुखाच्या नावावर बोट ठेवलं की घरातली सगळी मतं दिसतात. बाजूला मोबाईल नंबर भरायची जागा, आणि नावापुढे रंग: आपला, विरोधातला, काठावरचा. खिशात मावणाऱ्या छोट्या प्रिंटरवर चिठ्ठी निघते, तिच्यावर उमेदवाराचा हसरा चेहरा. हे ॲप विकणारे धंदेवाले महाराष्ट्रात जागोजाग आहेत. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात आडनावावरून जात सांगायला फारसं डोकं लागत नाही. संगणकाला तर मुळीच नाही. गाव माणसाला ओळखायचं तेव्हा जात ओळखायचंच, हे खरं. पण गावाची ओळख गावाबरोबर राहायची. ती मुंबईतल्या कोणा प्रचार कंपनीच्या कोष्टकात जाऊन बसत नव्हती, आणि पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाला विकलीही जात नव्हती.

इथे आयोगाचं म्हणणं मांडणं न्यायाचं ठरेल. 2018 च्या जानेवारीत आयोगाने ठरवलं की संकेतस्थळावरची यादी चित्ररूपात टाकायची, म्हणजे त्यातली अक्षरं संगणकाला थेट शोधता येणार नाहीत. फोटोही टाकायचे नाहीत. मतदारांची माहिती कोणी घाऊक गोळा करू नये, हे कारण. मध्य प्रदेशात काँग्रेस नेते कमलनाथ यांनी शोधता येईल अशी यादी मागितली. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली, आणि जाता जाता म्हटलं की हवं असेल तर पक्षाने स्वतः कष्ट करून ती तशी करून घ्यावी. न्यायालयाचं ते वाक्य ॲपवाल्यांनी कधी वाचलं असेल असं वाटत नाही, पण त्यांनी नेमकं तेच केलं. चित्रातली अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आता फुकट मिळतात. ज्याच्याकडे पैसे आणि चार संगणक आहेत त्याला चित्ररूप यादी दोन दिवस अडवते. ज्याला फक्त आपल्या गावात एकच नाव दोनदा आलं आहे का ते पाहायचं आहे, त्या ग्रामपंचायत सदस्याला ती कायमची अडवते. 2025 मध्ये बिहारमध्ये मतदार यादीच्या सखोल फेरतपासणीत वगळलेल्या सुमारे 65 लाख नावांची यादी शोधता येईल अशा स्वरूपात, कारणांसह प्रसिद्ध करा असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. खाजगीपणाचं कुलूप चुकीच्या दाराला लागलं आहे, असं माझं मत आहे.

मग बरोबरचं दार कोणतं? यादी आणि अर्ज यांतला फरक इथे सुरू होतो, आणि पुस्तिकेचा बराचसा भाग त्यावरच आहे. नाव नोंदवायच्या नमुना 6 मध्ये आज काय काय विचारलं जातं ते पाहा. नाव, नातेवाईकाचं नाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, मोबाईल, ईमेल, आधार क्रमांक, अपंगत्व असेल तर त्याचा प्रकार, घरातल्या आधीच्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक. शिवाय जन्माचा आणि रहिवासाचा पुरावा. यातलं निम्मंही यादीत छापलं जात नाही. यादी गावासमोर ठेवण्यासाठी असते. अर्ज मी अधिकाऱ्याच्या विश्वासावर देतो.

कायदा मात्र हा फरक धडपणे करत नाही. 1960 च्या नियमांतला 33 वा नियम प्रत्येक व्यक्तीला नोंदणीचे कागद पाहण्याचा आणि फी भरून प्रमाणित नकला घेण्याचा हक्क देतो. कोणते कागद, ते 32 व्या नियमात आहे, आणि त्यात नोंदणीचे अर्जही येतात. नियम झाला तेव्हा अर्जात मोबाईल नव्हता, आधार नव्हतं. तेव्हा तो हक्क निर्धोक होता आणि उपयोगी होता, आजही उपयोगी आहे. पण साठ वर्षांत अर्ज फुगत गेला आणि नियम तिथेच राहिला. आधारपुरती आयोगाने काळजी घेतली आहे: 2022 च्या सूचनांप्रमाणे कागद बाहेर द्यायचा झाला तर आधार क्रमांक काढून किंवा झाकून द्यावा लागतो. मोबाईलचं काय, अपंगत्वाचं काय, हे सूचनांच्या भरवशावर सोडू नये. नियमात लिहिलेलं असावं.

आधारची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. 2015 मध्ये आयोगाने यादी आधारशी जोडायची मोहीम काढली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2021 मध्ये कायदा बदलून आधार पुन्हा आलं, 2022 च्या ऑगस्टपासून आधार नोंदवण्याचा नमुना 6 ब आला. सप्टेंबर 2023 मध्ये आयोगाने न्यायालयात सांगितलं की आधार सक्तीचं नाही, अर्जात तसे बदल करू. आणि त्याच वेळी हेही सांगितलं की 66 कोटींवर आधार क्रमांक नोंदवून झाले आहेत. सक्तीचं नसताना 66 कोटी लोकांनी दिलं! आपल्याकडे कागद मागणाऱ्याला ‘का’ म्हणून विचारायची सवय नाही. त्यातून धरणग्रस्ताला तर नाहीच. त्याने वीस वर्षं प्रत्येक टेबलावर प्रत्येक कागदाची झेरॉक्स दिली आहे.

माहिती फुटते ती बहुधा कुठल्या मोठ्या संगणकातून नव्हे. तालुक्याच्या ठिकाणच्या ऑनलाईन केंद्रात जा. अर्ज भरणारा मुलगा हुशार आणि मदतीला तत्पर असतो. ‘काका, आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका’ म्हणतो. काका टाकतात. तो फोटो त्याच्या मोबाईलमध्ये राहतो, संगणकाच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहतो, बिघडलेली प्रिंट रद्दीत जाते आणि पुढे भज्यांना गुंडाळली जाते. ओटीपीसाठी ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या अर्जावर केंद्रवाल्याचाच नंबर टाकला जातो. मग त्या माणसाच्या नावाने नाव वगळण्याचा नमुना 7 किंवा पत्ता बदलण्याचा नमुना 8 भरला गेला, तर संदेश त्या माणसाकडे जाणार कसा? यात दुष्टपणा कोणाचाच नाही. घाई आहे, आणि ती सगळ्यांची आहे.

दुष्टपणा असला तर काय होतं याचं उदाहरण फार लांब नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात 2024 च्या विधानसभेआधी नवीन नोंदणीचे साडेसात हजारांवर ऑनलाईन अर्ज आले. तपासणीत त्यांतले सहा हजार आठशेहून जास्त अवैध ठरले, नामंजूर झाले, आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पुढच्या वर्षी हे प्रकरण देशाच्या राजकारणात गाजलं, बाजू घेतल्या गेल्या. मला त्यातली एकच गोष्ट नोंदवायची आहे: खोटे अर्ज पकडले गेले ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या पडताळणीत. सीमेपलीकडे कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये उलटा प्रकार झाला. तिथे नावं वगळण्यासाठी सहा हजारांवर अर्ज आले, आणि खरे निघाले ते चोवीस. ज्यांच्या नावाने अर्ज झाले त्यांतल्या कित्येकांना पत्ताच नव्हता. बंगळुरूत 2022 मध्ये एका संस्थेची माणसं मतदार जागृतीच्या नावाखाली, बीएलओ असल्याची ओळखपत्रं गळ्यात घालून घरोघर माहिती गोळा करताना सापडली. दारात आलेल्याचं ओळखपत्र पाहावं असा सल्ला पुस्तिकेत आहेच, पण ते गावच्या ओळखीच्या अंगणवाडी ताईचं नसेल तर तहसीलला फोन करून खात्री करावी, हे त्याहून महत्त्वाचं.

आळंदवरून एक जास्तीचा मुद्दा निघतो. कोणाचं नाव यादीतून काढा असा अर्ज करणाऱ्याला खाजगीपणा किती द्यायचा? माझं उत्तर स्पष्ट आहे: नावापुरता अजिबात नाही. ज्याच्या नावावर हरकत आहे त्याला, हरकत कोणी घेतली हे कळलंच पाहिजे. खोट्या निवेदनाला 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, पण निवेदन कोणाचं हेच कळलं नाही तर कलम कोणावर लावणार? हरकत घेणाऱ्याचा मोबाईल झाका, आधार झाका. नाव झाकू नका.

गोसीखुर्दच्या माणसाला नमुना 7 ची भीती दुहेरी आहे. त्याचं नाव दोन ठिकाणी असू शकतं, जुन्या गावच्या भागात आणि नव्या गावठाणाच्या. 1950 च्या त्याच कायद्याच्या कलम 17 आणि 18 प्रमाणे हे चालत नाही. एक माणूस, एक नोंद. पण जुनं नाव काढायला तो धजत नाही, कारण पॅकेजचं प्रकरण कचेरीत पडून आहे आणि जुन्या गावात आपण होतो याचा कागद हातचा जाईल अशी धास्ती आहे. ही धास्ती निराधार आहे. जुन्या यादीची प्रमाणित नक्कल काढून ठेवता येते, नाव हलवल्याने इतिहास पुसला जात नाही. पण हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या यादीत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारांकनं छापायचं ठरवलं. उपाय व्यवहार्य होता, वाईट नव्हता. तरी विचार करा: स्थलांतर सरकारने घडवलं, नवी नोंद सरकारी शिबिरात झाली, आणि छापील यादीत गावासमोर संशयाचे दोन तारे बसले ते त्या माणसाच्या नावापुढे. सार्वजनिक यादीत काय छापायचं हाही खाजगीपणाचाच प्रश्न आहे.

त्याच कायद्याचं कलम 20 या माणसांच्या बाजूचं आहे, तेही थोडं वाचून ठेवावं. नुसतं घर किंवा प्लॉट असला म्हणून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि कामासाठी काही काळ बाहेर गेला म्हणून तो रहिवासी राहत नाही असंही नाही. नागपूरला बांधकामावर गेलेल्याचं नाव ‘स्थलांतरित’ म्हणून उडवण्याआधी बीएलओने हे दुसरं वाक्य दोनदा वाचावं. बिहारच्या सखोल फेरतपासणीत 2003 च्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव दाखवण्याला फार महत्त्व आलं. तशी तपासणी वैनगंगेकाठी करायची झाली तर लोकांना आईवडिलांचं नाव पाण्याखालच्या गावाच्या यादीत शोधावं लागेल. त्या जुन्या याद्यांच्या नकला ग्रामपंचायतीने आत्ताच मिळवून ठेवाव्यात. खर्च फार नाही.

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे आशेने पाहणाऱ्यांची थोडी निराशा होईल. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की एखाद्या कायद्याने जी माहिती प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे आणि त्याप्रमाणे जी प्रसिद्ध झाली, तिला हा कायदा लागू नाही. छापील मतदार यादी अशीच प्रसिद्ध होते. म्हणजे पानटपरीवरच्या त्या ॲपला या कायद्याने हात लावणं कठीण. पक्षाने स्वतः गोळा केलेला मोबाईल नंबर आणि नावापुढचा रंग, यांबद्दल मात्र प्रश्न विचारता येईल असं मला वाटतं. ब्रिटनने यातून एक वाट काढली. वेकफिल्डच्या एका निवृत्त नागरिकाने, नगरपालिका मतदार यादी जाहिरातवाल्यांना विकते म्हणून दावा लावला आणि 2001 मध्ये तो जिंकला. तेव्हापासून तिथे दोन याद्या आहेत: निवडणुकीसाठीची पूर्ण यादी, आणि विकता येणारी खुली यादी, जिच्यातून मतदार आपलं नाव काढून घेऊ शकतो. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांना नाव न छापता नोंदणी करता येते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या बाईचा नवा पत्ता आपल्या यादीत मात्र जसाच्या तसा छापला जातो. तिच्यासाठी काही सोय करावी अशी मागणी आपल्याकडे महिला संघटनांनी लावून धरायला हवी. ग्रामसभेतल्या वाचनाने तिचं भलं होत नाही, हे माझ्याच वरच्या म्हणण्याला लागणारं बोट आहे आणि ते मी मान्य करतो.

शेवटी एक प्रश्न, जो नोंदणीच्या कक्षेबाहेरचा आहे पण गावठाणात नेहमी निघतो: ‘आम्ही कोणाला मत दिलं ते कळतं का?’ एकट्याचं नाही कळत. कोणी मतदान केलं याच्या खुणा असलेली यादीची प्रत सीलबंद राहते, न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. पण गावाचं कळतं. मतमोजणी यंत्रावार होते, केंद्रनिहाय आकडे नमुना 20 मध्ये जाहीर होतात, आणि पुनर्वसित गावठाण म्हणजे अनेकदा एकच केंद्र. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी त्या एकमेकांत मिसळायची सोय होती. यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर वापरावं असं आयोगाने 2008 मध्ये सुचवलं, विधी आयोगाने 2015 मध्ये पाठिंबा दिला, सरकारने मानलं नाही. मोबदल्यासाठी आमदाराच्या दारात उभं राहावं लागणाऱ्या गावाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुस्तिकेतली प्रकरणं अर्जांच्या क्रमाने आहेत, 6, 6 ब, 7 आणि 8. घाईत असाल तर 7 वरचं आधी वाचा. नोटीस आली तर सुनावणीची तारीख चुकवू नका, आणि अर्ज कोणी केला ते लेखी मागा. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकून द्या, वर आडवं ‘फक्त मतदार नोंदणीसाठी’ लिहून तारीख टाका. अर्जावर मोबाईल नंबर स्वतःचा नसेल तर घरातल्या कोणाचा तरी टाका, केंद्रवाल्याचा नको. आणि केंद्रातून उठण्याआधी त्या मुलाला सांगा, बाबा, माझी फाईल डिलीट कर, रिसायकल बिनमधूनही. तो करतो. आजवर त्याला कोणी सांगितलेलं नसतं.